सोनं येईपर्यंत

"अव्वा कोपऱ्यावरून वळली काय बघ गं, अक्का," महांतेश आतून म्हणाला.

मी दारातून मान बाहेर काढली. आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात. ती पुढं, तिच्यामागं माझी भावजय आणि भाची, अशा तिघी मठाच्या वाटेला लागल्या होत्या. अव्वाला गुडघेदुखीमुळे वेळ लागतच होता, आणि त्यात ती प्रत्येक दारात थांबून बोलणारी. कोपरा वळेपर्यंत माझी मान अवघडली.

"गेली," मी म्हटलं. "आता काय दरोडा घालायचाय?"

तो हसला आणि मागच्या खोलीकडे सुटला. तिथं त्याचं मशीन होतं.

दसऱ्याची दुपार होती. मी निपाणीला दिलेली, तिथल्या शाळेत मास्तरीण. पण घट उठवायला दरवर्षी गडहिंग्लजला माहेरी येणार म्हणजे येणार. त्या वर्षी येण्याला आणखी एक कारण होतं. महांतेशनं घरात स्वतः लोखंड कोरायचं मिलिंग मशीन उभं केलं होतं आणि फोनवर त्याच्या गप्पा ऐकून ऐकून माझे कान किटले होते. त्याआधी दोन वर्षं तो बोलतच नव्हता हो. एका कारखान्यात प्रेसवर असताना त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. कुठंही काम मागायला गेला की समोरचा आधी हाताकडे बघायचा आणि मग दाराकडे. त्या दोन वर्षांत डावा हात घोटून घोटून त्यानं उजव्यासारखा करून घेतला. लिहायचा डाव्यानं, स्क्रू पिळायचा डाव्यानं, जेवायचाही डाव्यानं. अव्वानं पहिले काही दिवस नाक मुरडलं आणि मग गप्प बसली.

आणि मग त्याला हे मशीन सुचलं. जुन्या बाजारातून एक लहान मशीन आणलं, त्याला तीन मोटरी बसवल्या, कॉम्प्युटरला जोडलं. मोटरी साध्या नव्हेत, स्टेपर. म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तेवढंच, एकेक पाऊल मोजून फिरणाऱ्या. हातानं चाक फिरवायची गरज नाही, बटन दाबलं की टेबल सरकतं, डोकं वरखाली होतं. त्या डोक्यालाच खाली कापायचं कटर. "मशीनला हात आहेत, मला कशाला पाहिजेत?" असं तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक काम बघायला येणार होतं. दोन वर्षांनी कोणीतरी त्याच्या कामाकडे बघणार होतं, हाताकडे नाही. म्हणून त्याला धीर धरवत नव्हता.

आणि इकडे अव्वाचा नियम. खंडेनवमीला हत्यारं पुजली की दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याचं सोनं घरात येईपर्यंत पुजेतलं काही उचलायचं नाही, मशीन चालू करायचं नाही. आमचे अप्पा किराणा दुकानदार. ते होते तेव्हा दुकानाचा तराजू सुद्धा त्या दोन दिवसांत हलायचा नाही, गिऱ्हाईक दारातून परत जायचं. अप्पा गेले, दुकान गेलं, तरी नेम तोच. देवघरासमोर पाटावर तराजू, अडकित्ता, विळी, महांतेशचे पाने, आणि अप्पांची वजनं लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेनं मांडलेली. प्रत्येकावर विभूतीचे तीन पट्टे. सकाळी मी त्या सगळ्यांना नमस्कार करूनच चहा घेतला होता. मशीन पाटावर मावणार नाही म्हणून अव्वानं आदल्या दिवशी ते जागेवरच पुजलं होतं. कापायच्या डोक्यावर पट्टे ओढले होते आणि मागच्या पुलीवर झेंडूची ही भली जाड माळ चढवली होती.

"अव्वाला कळलं तर तुझी धडगत नाही," मी म्हटलं.

"सोनं यायच्या आधी बंद करतो की. डोकं वरखाली करणारा नवा स्क्रू बसवलाय, परवा संध्याकाळी लोण्यासारखा चालला. नुसतं एकदा बघतो."

त्यानं बटन दाबलं. डोक्याखाली टेकण म्हणून लाकडी ठोकळा दिलेला होता, तो काढायचा म्हणून त्यानं डोकं वर घ्यायला सांगितलं. आणि वरची मोटर ओरडली.

दळण अडकल्यावर गिरणीचा पट्टा घसरतो तसा आवाज होता तो. डोकं बोटभर वर गेलं, थरथरलं, परत खाली आलं. कॉम्प्युटरवर आकडा मात्र थाटात वर वर चाललेला. महांतेशचा चेहरा उतरला. "पावलं सोडतीय," तो म्हणाला. कॉम्प्युटर म्हणतो इतकी पावलं जा, मोटर मधली पावलं गाळते, आणि दोघांचा हिशोब जुळेनासा होतो, असं त्यानं मला समजावलं. मला वर्गातली पोरं आठवली, पाढे म्हणताना मधलेच गाळणारी.

मग सुरू झाली शोधाशोध. त्यानं मशीन बंद करून मोटरच्या वायरी एकेक ओढून बघितल्या. घट्ट होत्या. मोटर आणि स्क्रू जोडणारा सांधा पिळून बघितला. घट्ट. मोटरला करंट देणाऱ्या डब्या तीन होत्या. त्यातली वरच्या मोटरची डबी काढून टेबलाच्या मोटरला लावली. टेबल मजेत सरकलं. टेबलाची डबी वर लावली, तर वरची मोटर तशीच कण्हत होती. म्हणजे डबी चांगली होती आणि वायरीही चांगल्या. मग त्यानं करंट वाढवला. मोटर थोडी जोरात ओरडली आणि इतकी तापली की बोट ठेववेना. स्क्रूला तेल घातलं. वेग कमी केला. वेग अगदी मुंगीच्या चालीवर आणला तेव्हा कुठं डोकं कण्हत कुंथत वर गेलं, आणि त्यानं ठोकळा बाजूला काढला.

"जाऊ दे रे, उद्या बघ," मी म्हटलं. "सणासुदीचं."

"उद्या तो माणूस येणार. त्याच्यासमोर हे असं ओरडलं तर तो म्हणणार, थोट्याचं काम थोटंच."

स्वतःला थोटा म्हणाला की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटायची.

डोकं थांबल्या जागी टिकतंय की हळूच खाली घसरतंय, हे त्याला बघायचं होतं. त्यासाठी केसभर हालचालही दाखवणारं, मापाचं काट्याचं घड्याळ टेबलावर काम आवळून धरणाऱ्या शिकंज्यावर, कटरच्या बरोबर खाली ठेवायचं. कटर फिरत नव्हतं, फिरायची मोटर बंदच होती. त्यानं डावा हात खाली घातला.

मोटरनं एक उचकी दिली, आणि डोकं सुटलं.

ओरडायलाही वेळ नव्हता. डोकं खाली आलं, कटर त्याच्या पालथ्या पंजावर बसलं, आणि तिथं अडथळा लागल्यावर मोटरनं परत पकडलं. खाली शिकंज्याचं लोखंड, वर कटरचं टोक, मध्ये त्याचा हात. घड्याळ खाली पडून फुटलं. मोटर गुरगुरत होती, आणि तिच्या प्रत्येक थरथरीबरोबर ते टोक त्याच्या कातडीत थोडं आत जात होतं, थोडं वर येत होतं. रक्ताचा एक बारीक ओघळ शिकंज्यावरून टेबलावर आला.

मी भिंतीवरच्या स्विचकडे धावले. दुसरं काय करणार? घरात काहीही झालं की आधी मेन स्विच, एवढंच आपल्याला माहीत.

"अक्का, स्विचला हात लावू नको."

इतक्या हळू आवाजात तो बोलला की त्या आवाजानंच मी थिजले.

"बंद केलंस तर मोटर सोडून देईल. ती धरून आहे म्हणून एवढ्यावर थांबलंय. करंट गेला की सगळं डोकं माझ्या हातावर."

"जुना स्क्रू तर सोडेल तिथं थांबायचा, तूच सांगायचास."

"तो रखरखीत होता. हा गुळगुळीत आहे. वजन पडलं की आपोआप फिरतो."

चालू ठेवलं तर मोटर परत उचकी देणार, आणि बंद केलं तर डोकं खाली येणार. आणि खाली त्याचा तो एकच हात. उजवा गेला तेव्हा मी दवाखान्यात होते. ड्रेसिंग सोडताना तो ओरडला नव्हता, नुसता छताकडे बघत होता. तसाच आता तो मोटरकडे बघत होता. त्याच्या ओठांवर घाम आला होता.

मी डोकं दोन्ही हातांनी धरून वर उचलायला गेले. "ओढू नको, ओढू नको, झटका बसला की सुटेल," तो म्हणाला. मी हात काढले. खिडकीतून बाहेर हाक मारली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव सोनं लुटायला माळावर गेलेलं.

"ठोकळा," तो म्हणाला. "डोक्याखाली ठोकळा सरकव. मग सुटलं तरी त्याच्यावर बसेल."

मी ठोकळा उचलून शिकंज्याशेजारी सरकवला. शिकंज्याच्या आणि हाताच्या उंचीमुळे डोकं आता वर राहिलं होतं, ठोकळा चार बोटं कमी पडला. त्यावर महांतेशचं एक जाड पुस्तक ठेवलं, तर ते दबणारं. पाट आणला, तो रुंद, शिकंज्याला अडकत होता. मोटरनं आणखी एक उचकी दिली. महांतेशच्या तोंडून "शिवा" एवढंच आलं, आणि रक्ताचा ओघळ जाड झाला.

"काहीतरी लोखंडाचं आण, अक्का. सपाट. जाड. पळ."

मी पळाले. स्वयंपाकघरात तवा होता, तो पातळ. वरवंटा गोल. मी वेड्यासारखी घरभर फिरले आणि देवघरासमोर येऊन थांबले. पाटावर अप्पांची वजनं होती. लोखंडाची, सपाट, जाड.

सोनं आलेलं नव्हतं. अव्वाच्या घरात जन्मलेली मी. पुजेतल्या हत्याराकडे सणात साधा हात लांब केला तरी लहानपणी बोटांवर चापट बसायची. हात लावताना माझी बोटं खरंच मागं सरली. मग मी सगळ्यात मोठं, दहा किलोचं वजन कडीला धरून उचललं. शेजारची समई कलंडली, तिला तशीच सोडून मागं पळाले.

ठोकळ्यावर ते ठेवायला गेले तर ते जाड झालं. फटीत बोटभरानं मावेना. मी तसंच रेटायला लागले.

"थांब," महांतेश म्हणाला.

तो त्या वजनाकडे बघत होता. त्यावरचे विभूतीचे पट्टे माझ्या हातानं पुसट झाले होते.

"हे कुठून आणलंस?"

"देवघरातून. पुजेतलं. मग काय करू, सांग, दुसरं काही मावत नाही तिथं, मी काय..."

"अक्का, हे मशीनचं वजन आहे."

मला वाटलं, रक्त गेल्यानं याला भ्रम झाला.

"मागं पाइपात असतं हे. दोरीला. पुलीवरून डोक्याला बांधलंय. डोक्याचा भार हे घेतं, मोटर नुसतं फिरवते." त्यानं मोटरकडे बघितलं. "मोटर चांगली आहे. सगळं चांगलं आहे. ती एकटी उचलतीय सगळं, मगासच्यानं. कुणी काढलं हे?"

कुणी काढलं ते विचारायलाच नको होतं. मशीनला वजन पाहिजे म्हणून त्यानं अव्वाकडून अप्पांचं वजन मागून घेतलं होतं. देताना तिनं सांगितलं होतं, खंडेनवमीला मात्र लागेल मला. आणि तो हो हो म्हणाला होता, कामात असलेला पुरुष म्हणतो तसं. नवमीला डोकं खाली ठोकळ्यावर टेकलेलं, त्यामुळे वजन वर पाइपाच्या तोंडाशी आलेलं. तिनं ते दोरीच्या आकड्यातून अलगद काढलं, पुजेत मांडलं, आणि मशीन ओकंबोकं दिसू नये म्हणून पुलीवर माळ चढवली. त्या माळेखाली सैल पडलेली दोरी आम्हा दोघांनाही दिसली नाही.

मी माळ ओरबाडून काढली. दोरीचं टोक पाइपाच्या तोंडाशी लोंबत होतं, टोकाला आकडा. दहा किलो काय, शाळेतली खुर्ची उचलणारी बाई मी. छातीशी धरून स्टुलावर चढले. कडी आकड्यात जाईना. वजन हातातून सुटलं तर दोरीला हिसका बसणार, हे तोही जाणून होता, मीही.

"सावकाश," तो म्हणाला. "एकदम सोडू नको. जाऊ दे खाली हळूहळू."

कडी अडकली. मी दोन्ही हातांनी वजन पेलत खाली सोडत गेले. दोरी ताणली. आणखी ताणली. आणि मोटर गप्प झाली.

इतका वेळ तिचं गुरगुरणं माझ्या दातांत बसलं होतं. ते थांबल्यावर खोलीत आमचे दोघांचे श्वास तेवढे ऐकू यायला लागले.

"आता बंद कर," तो म्हणाला.

"काय?"

"स्विच बंद कर. आता वजन धरेल. चालू असताना मोटर हातानं फिरत नाही, आणि मला हातानंच वर घ्यायचंय. परत उचकी नको."

मगाशी ज्या स्विचला हात लावू नको म्हणाला, त्याच स्विचवर बोट ठेवून मी उभी होते. वजन कमी पडलं तर? दोरी तुटली तर? मी त्याला विचारलं नाही. त्यानंही डोळे मिटून घेतले होते. मी अप्पांचं नाव घेतलं आणि बटन खाली केलं.

डोकं जागचं हललं नाही.

"वरच्या मोटरवर चकती आहे. फिरव."

"कुठल्या बाजूला?"

तो बोलायला गेला आणि थांबला. इतके दिवस कॉम्प्युटरच फिरवत होता, उजवी की डावी ते त्याला आठवेना. त्यानं उजवा हात वर केला. अंगठा आणि करंगळी यांच्यात हवेतली चकती धरली, इकडे फिरवून बघितली, तिकडे फिरवून बघितली. मग म्हणाला, "अशी." मी त्या दोन बोटांकडे बघत तशी फिरवली. केसभर. कटरचं टोक वर आलं. आणखी फिरवली, आणि त्यानं हात काढून घेतला.

मी पदर फाडून त्याचा पंजा गुंडाळला. तो एकेक बोट हलवून बघत होता. पाचही हलली. त्यानं परत पहिल्यापासून हलवली. आणि तेव्हा कुठं तो रडला. मीही रडले. चांगले आवाज काढून रडलो आम्ही, गल्लीत कोणी नव्हतंच.

डॉक्टरकडून टाके घालून परत आलो तर अव्वा दारात उभी. हातात आपट्याची पानं. तिनं देवघरही बघितलं होतं, कलंडलेली समई आणि वजनांच्या रांगेतली मोकळी जागा.

"पुजेतलं कुणी उचललं?"

मी तोंड उघडणार होते. सांगणारच होते, अव्वा, तू वजन काढलंस म्हणून आज काय झालं असतं ते. महांतेशनं माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प झाले.

"मीच उचललं, अव्वा," तो म्हणाला. "मशीन चालू केलं. कटर लागलं हाताला."

"सोनं यायच्या आधी?"

"व्हय. चुकलं माझं."

अव्वा त्याला खूप बोलली. देवानं हिसका दाखवला म्हणाली, बापाच्या वजनाची सुद्धा भीड ठेवली नाहीस म्हणाली. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग बोलता बोलता ती मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती ओरबाडलेली माळ होती.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. मशीन लोण्यासारखं चाललं. बँडेज बांधलेला हात बघून त्या माणसानं काय झालं विचारलं, महांतेश म्हणाला, सणात जरा खरचटलं.

पुढच्या खंडेनवमीला मी सकाळीच पोचले. देवघरासमोर तराजू होता, वजनं होती, दहा किलोची जागा रिकामी. महांतेश म्हणाला, "अव्वा, मशीनला टेकण देतो, वजन काढून आणू काय?"

"न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तिथंच. त्याला तिथं काम हाय."

पाटासमोर बसून सगळ्यांची पूजा झाली. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, थाळी घेऊन मागच्या खोलीत गेली. आम्ही तिच्यामागं. पाइपात बोटं घालून तिनं वजनाला लागेल तेवढी विभूती लावली, डोक्यावर पट्टे ओढले, माळ चढवली, पण पुलीवर नाही, बाजूला खुंटीला. मग थाळी स्टुलावर ठेवून तिनं महांतेशचा डावा हात धरला. पालथा केला. पंजावर जुन्या जखमेचा पांढरा वण होता. तिनं तीन बोटं विभूतीत बुडवून त्यावरून ओढली, तराजूवर ओढली होती तशीच, आणि त्या हाताला वाकून नमस्कार केला.

महांतेशनं हात मागं घ्यायचा प्रयत्न केला. तिनं सोडला नाही.

"आता सोनं येईपर्यंत हा उचलायचा न्हाई," ती म्हणाली.

त्याला वाटलं, थट्टा करते. दुपारी पानावर बसल्यावर त्यानं घासाला हात घातला तर तिनं बोटांवर चापट मारली. भावजय पुढं झाली, तिलाही तिनं हातानंच मागं सारलं. मग स्वतः त्याच्या पानाशेजारी बसली, पुरणाच्या होळगीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि त्याच्या तोंडाशी नेला. चाळिशी उलटलेला माझा भाऊ मुकाट्यानं तोंड उघडून बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं येईपर्यंत प्रत्येक जेवण तिनंच भरवलं.